दगडाची चव

दगड फोडला की बाई तो आधी चाटायच्या. भूवैज्ञानिकांची ही जुनीच खोड. ताज्या फुटीवर ओल आली की भिंगातून खनिजाचे कण स्वच्छ दिसतात. तांब्याची कडवट चव तोंडात रेंगाळू नये म्हणून बाईंच्या गालात कायम एक लवंग असे.

त्यांचे यजमान शाळेतून निवृत्त झालेले. सगळे त्यांना मास्तरच म्हणत. डोंगरात तांबं शोधायचं हे बायकोचं नोकरीतलं शेवटचं काम, म्हणून हौसेने बरोबर आले होते. खोकल्यावर ज्येष्ठमध चघळत ते तंबूबाहेर पुस्तक घेऊन बसायचे. माझ्या हातच्या स्वयंपाकाची चव तू कधी एवढी मन लावून घेतली नाहीस, अशी त्यांची रोजची तक्रार.

तंबूपासून जवळचा रस्तासुद्धा दिवसभराच्या चालीवर होता. टेकडीच्या कातळावर हिरवा डाग पसरला होता. तांबं असलेला दगड उन्हापावसाने असा हिरवा पडतो. आत पांढऱ्या गारगोटीच्या शिरा आणि त्यांत पितळी चमक. उभ्या नोकरीत बाईंनी जिथेतिथे ‘येथे काही नाही’ असाच अहवाल दिला होता. आपल्या हातून एक तरी खाण उघडावी, ही त्यांची एकुलती एक इच्छा. खोल भोकं पाडून पाहा, एवढं लिहिलं की ती पुरी होणार होती.

एके सकाळी फोडलेला दगड आतून ओलाच निघाला. पाझर असेल, म्हणून बाईंनी सोडून दिलं. पण आसपासचा कातळ ठणठणीत कोरडा होता आणि दगडाला कुठे चीर नव्हती. ओल फक्त मधोमध, जिभेएवढी रुंद, टोकाला निमुळती. दुसरा फोडला, तोही तसाच. त्यांनी तो नाकाशी नेला.

लवंगेचा वास आला.

त्यांनी मास्तरांना हाक मारली. मास्तर बाईंना घेऊन टेकडीच्या पलीकडच्या अंगाला गेले. तिकडे बाई कधी फिरकल्याही नव्हत्या. तिथला एक दगड त्यांनी स्वतः फोडला, हुंगला आणि हळूच खाली ठेवला.

“हा तू चाटला होतास का गं?”

“अहो, आत्ता तर तुम्ही फोडलात.”

हल्ली रोज पहाटे घशाला कोरड पडून जाग येते, हे बाईंना तेव्हा आठवलं. इतके दिवस त्या हवेला बोल लावत होत्या.

मास्तर म्हणाले, आजच निघू. बाईंना मात्र भीती अशी वाटलीच नाही. उलट फार बरं वाटलं.

“जन्मभर मी दगडांची चव घेतली,” त्या म्हणाल्या. “एकाने माझी घेतली, तर रागवायचं कशाला?”

चहा पिता पिता त्यांनी अहवाल लिहिला. तांबं नगण्य, पुढील कामाची गरज नाही. खाण हातची गेली याची चुटपुट लागलीच. पण ज्याने आपल्याला ओळखलं त्याच्याच अंगात भोकं पाडायची, हे काही त्यांच्या मनाला पटेना. निघताना आठवण म्हणून एक मुठीएवढा अख्खा दगड त्यांनी पिशवीत टाकला.

घरी दिवस मजेत जाऊ लागले. दगड चाटणं सुटलं, लवंग सुटली, पहाटेची कोरडही गेली. बाई उशिरापर्यंत झोपू लागल्या आणि चहा मास्तर करू लागले. वर्तमानपत्र उडू नये म्हणून मास्तरांनी तो दगड आपल्या उशाशी, खिडकीत ठेवला होता. ‘तुझा चाहता’ म्हणायचे त्याला.

एका दुपारी खिडकी पुसताना बाईंचा धक्का लागला. दगड फरशीवर पडला आणि त्याचे दोन तुकडे झाले.

आतून ओला.

बाईंना हसूच आलं. जुनं माणूस भेटावं तशा त्या लगबगीने खाली वाकल्या आणि एक तुकडा नाकाशी नेला.

लवंग नव्हती.

ज्येष्ठमध होता.

आवाजाने मास्तर जागे झाले. पलंगावर उठून बसत त्यांनी ओठांवरून जीभ फिरवली.

“जरा पाणी दे गं,” ते म्हणाले. “हल्ली झोपेतून उठलं की तोंड अगदी कोरडं पडलेलं असतं.”