पाटील की ठकी

बेल वाजली तेव्हा सुवर्णाबाई गोळे अंगणात स्ट्रॉबेरीची रोपं पिशव्यांत भरत होत्या. हाताची माती झटकून त्या फाटकापाशी गेल्या, पण त्यांनी फाटक उघडलं नाही. पाचगणीच्या पठाराखालच्या त्या गावात आता कुणीच तसं उघडत नसे. आधी कुत्रा जाळीतून हुंगायचा, मग खांबावरचा दिवा लागायचा. हिरवा म्हणजे घरचा, लाल म्हणजे परका. गोळ्यांकडे मात्र सध्या दोन कुत्रे होते आणि दोन दिवे. डावीकडचा हिरवा लागला, उजवीकडचा लाल.

"आई, मी शौर्य," बाहेरून आवाज आला.

आवाज शौर्यचाच होता, पण आवाजाला आता काडीची किंमत राहिली नव्हती. तो कुणाचाही काढता येत होता, आणि पैसे मोजले तर चेहराही हवा तसा करून मिळत होता. शेजारच्या गावात एक तोतया जावई बनून आला आणि चांगला चार महिने आग्रहाची जेवणं जेवून गेला. खरा जावई आला तेव्हा सासूनं त्यालाच हाकललं. रक्ताच्या तपासणीचा अहवालही शेवटी पडद्यावरच यायचा, आणि पडद्यावरच्या गोष्टीवर विश्वास ठेवायचे दिवस संपले होते. नक्कल करता येत नव्हती ती फक्त माणसाच्या वासाची. म्हणून गंधकुलपं निघाली. ओळखीचा वास आला की कुत्र्याच्या मेंदूत जी हलकीशी हालचाल होते, ती गळपट्टा टिपायचा आणि दिव्याला कळवायचा.

या कामाला दोन जपानी जाती नावाजलेल्या होत्या. अकिता धिप्पाड, अबोल, एका माणसाचा झाला की त्याचाच. शिबा त्याच्या निम्म्याहून लहान, कोल्ह्यासारखी दिसणारी, मांजरासारखी स्वच्छ आणि स्वतःच्या मर्जीची मालकीण. श्वानकेंद्रानं दोन्ही महिनाभर वापरून बघायला दिले होते. एक ठेवायचा, एक परत. अकिता पहिल्याच दिवशी ओसरीवर अशा रुबाबात बसला की सुवर्णाबाईंनी त्याचं नाव पाटील ठेवलं. शिबानं पहिल्याच दिवशी स्वयंपाकघरातलं सुकट पळवलं, तिची ठकी झाली.

केंद्राच्या प्रशिक्षक सानिया मुजावर यांनी दोघांना घरातल्या प्रत्येकाचा वास वेगवेगळ्या वस्तूंवरून शिकवला होता, एक चुकला तर दुसरा चुकू नये म्हणून. वस्तू फक्त त्याच माणसाची हवी, असं त्यांनी बजावलं होतं. घर सोडून गेलेल्या शौर्यचाही वास शिकवायचा हट्ट सुवर्णाबाईंचा. बापाशी भांडून तो जहाजावर गेला होता, तो बापाच्या दहाव्यालाही आला नव्हता. बापानं रागात त्याचं सगळं सामान वाटून टाकलेलं. त्याच्या धाकट्या बहिणीच्या, ईश्वरीच्या कपाटात त्याचे क्रिकेटचे हातमोजे तेवढे राहिले होते, ते ठकीला दिले. पाटीलला सुवर्णाबाईंनी त्याची गोधडी दिली; बापाला न कळू देता ट्रंकेत ठेवली होती, म्हणाल्या.

आणि आता हातमोजे म्हणत होते हा शौर्य, गोधडी म्हणत होती नाही.

सुवर्णाबाईंनी त्याला आत घेतलं, पण घरात नाही. रोपांच्या पॅकिंगच्या शेडमध्ये खाट टाकून दिली. तो काही बोलला नाही. हेही त्यांना खटकलं, कारण त्यांचा शौर्य असा गप्प बसणाऱ्यातला नव्हता.

पुढचे दिवस घरात नुसती पाळत चालली. ओढ्याकाठच्या उंबराला मुलांनी ठेवलेलं नाव त्याला ठाऊक होतं, ईश्वरी लहानपणी विहिरीत पडता पडता वाचली तेही ठाऊक होतं. पण हे सगळं जुन्या फोटोंत, जुन्या संदेशांत कुठं ना कुठं असणारच, आणि तोतये अभ्यास करूनच येतात. चहात त्यानं साखर घेतली नाही. शौर्य तीन चमचे घ्यायचा. ईश्वरी म्हणाली, माणसाच्या सवयी बदलतात. सुवर्णाबाई म्हणाल्या, बदलत असतील.

ईश्वरीला भाऊ हवा होता, म्हणून ती ठकीच्या बाजूची. पण तो ठकीला गुपचूप सुकट भरवताना दिसला आणि तिच्याही मनात पाल चुकचुकली. एखाद्यावर जीव जडला की शिबा नाकाला गप्प बसवते, हे सानियांनी सांगितलंच होतं. पाटील लाच घेणारा नव्हता. तो माणूस ओसरीच्या पायरीवर आला की त्याच्या गळ्यातून जात्यासारखी घरघर सुरू व्हायची.

"पाटील कुणाची भीड धरत न्हाई," सुवर्णाबाई म्हणाल्या. "ठकीला परत धाडायची. आन् त्यालाबी वाटंला लावायचा."

पाटीलला हातमोजे देऊन पुन्हा शिकवावं, असं ईश्वरीनं सुचवलं. पण ठकीनं ते केव्हाच चावून लाळेत भिजवून टाकले होते. राहता राहिली गोधडी. महिन्याच्या शेवटच्या सकाळी, केंद्राची गाडी यायच्या आधी, ईश्वरीनं ती पाटीलच्या नाकापुढे धरली आणि शिकवल्याप्रमाणे हुकूम दिला, "शोध. शौर्य शोध."

तो माणूस पायरीपाशी उभा होता. पाटील उठला, त्याच्याकडे न बघता वळला आणि थेट स्वयंपाकघरात गेला. सुवर्णाबाई भाकरी थापत होत्या. त्यांच्यासमोर तो बसला, पंजा त्यांच्या गुडघ्यावर ठेवला. बाहेर खांबावरचा उजवा दिवा हिरवा झाला.

ईश्वरीनं पुन्हा हुकूम दिला. पाटील जागचा हलला नाही. त्याला शौर्य सापडला होता.

"आई, गोधडी इतकी वर्षं ट्रंकेत होती ना?"

सुवर्णाबाईंनी भाकरी तव्यावर टाकली. मग म्हणाल्या, "ट्रंकेत न्हवती. माझ्या अंगावर होती. तो गेला त्या रातीपासनं."

ईश्वरीनं गोधडी उलगडली. आजीचं लुगडं, आजोबांचं धोतर, आईची पोपटी साडी. शौर्यच्या बारशाआधी शिवलेली. त्याच्या कपड्याचा एक तुकडाही तिच्यात नव्हता. तो तिच्यात झोपायचा एवढंच, आणि त्याची जी ऊब राहिली होती ती आईनं रोज थोडी थोडी संपवली होती. पाटील इमानदारच होता. त्या माणसात तो आईला शोधत होता. ईश्वरीला रडू आलं, आणि आईचा रागही आला.

दाराशी उभ्या त्या माणसानं सगळं ऐकलं होतं. त्याचे डोळे भरलेले दिसत होते. पण डोळेही भरून येतील असं करणं आजकाल अवघड नाही, हा विचार ईश्वरीच्या मनात आलाच, आणि तिला स्वतःची लाज वाटली.

गाडी आली. सानियांनी गोधडीची हकीगत ऐकून कपाळाला हात लावला. आता दोघांचीही साक्ष धरता येणार नाही, त्या म्हणाल्या; गोधडी आईची निघाली, आणि क्रिकेटचे हातमोजे तर संघातल्या कुणीही घातलेले असतात. पण एक कुत्रा तरी न्यावाच लागेल. कुठला?

सुवर्णाबाईंनी दोन्ही कुत्र्यांकडे पाहिलं. बोलला तो माणूसच.

"पाटीलला ठेव, आई. माझ्यावर गुरगुरू दे. घराला तोच बरा."

असं शौर्य म्हणाला असता. आणि शौर्यचा पुरता अभ्यास करून आलेला माणूसही नेमकं हेच म्हणाला असता. ईश्वरी आईच्या तोंडाकडे बघत राहिली. ठकी गाडीत चढताना एकदा किंचाळली, बाईमाणसानं आक्रोश करावा तशी, आणि गाडी घाटाला लागली.

सुवर्णाबाईंनी हात धुतले. गोधडीची नीट घडी घातली आणि ती त्या माणसाच्या हातात दिली.

"आजपासनं तू पांघर. थोडं दिस जाऊ देत. मग पाटीलला परत वास देऊ."

तो गोधडी छातीशी धरून शेडकडे गेला. पाटील ओसरीवरून घरघरत त्याच्या पाठीकडे बघत होता.

ईश्वरीनं खांबावरच्या दिव्याकडे पाहिलं. दिवा हिरवा होणार होता. गोधडी पांघरणारा कुणीही असला तरी होणारच होता. हे आईच्या ध्यानात आलं नव्हतं, की ध्यानात येऊनच तिनं गोधडी दिली होती?