सशाच्या कानांची गाठ

"मागे सरका! काचेला नाकं लावू नका रे, डाग पडतात!"

मामा घसा फोडून ओरडत होता, पण ऐकतंय कोण? त्याच्या गेमिंग पार्लरमध्ये आज पाय ठेवायला जागा नव्हती. सुट्टीतली झाडून सगळी पोरं तिथे जमली होती आणि सगळ्यांचे डोळे एकाच टेबलाकडे लागले होते. टेबलावर 'हत्ती' उभा होता.

हत्ती म्हणजे कॉम्प्युटर! पण कसला? काचेची भलीमोठी पेटी, चारी बाजूंनी पंखे, निळे-जांभळे दिवे, आणि मधोमध ते ग्राफिक्स कार्ड. गेममधली सगळी चित्रं काढायचं काम या कार्डाचं. ते इतकं जड, की वाकू नये म्हणून खालून लोखंडी टेकू दिलेला!

"कार्ड आहे की कपाट?"

"अरे, याच्यावर कपडे वाळतील!"

"नुसते दिवे बघूनच मला गेम जिंकल्यासारखं वाटतंय!"

गर्दीत बोका छाती काढून उभा होता. मांजराच्या पावलांनी कुठेही शिरायचा, म्हणून तो बोका. सुट्टीसाठी मामाकडे आला होता आणि आठवडाभर त्यानं गल्लीत एकच तुणतुणं लावलं होतं.

"अर्धा हत्ती मीच जोडलाय!" आत्ताही तो आपल्या दोन दोस्तांना सांगत होता. एक लंब्या, ज्याची पँट दर महिन्याला आखूड व्हायची. दुसरी इंजिन, जिचं तोंड फक्त झोपेत बंद व्हायचं.

"अर्धा म्हणजे नक्की कुठला अर्धा?" इंजिननं विचारलं.

"म्हणजे... महत्त्वाचा!"

खरं तर हत्ती जोडला होता ताईनं, मामाच्या मुलीनं. एकेक पंखा, एकेक वायर तिनं स्वतः बसवली होती. मामा आधी नाही-नाहीच म्हणत होता. शेवटी म्हणाला, "बरं, जोड. आज चालला तर पार्लरची सगळी यंत्रं तुझ्या हाती. नाही चालला, तर पुन्हा स्क्रू-ड्रायव्हरचं नाव काढायचं नाही." ताई आता कोपऱ्यात ओढणीचं टोक पिळत उभी होती.

तेवढ्यात गुरू आले! हार्डवेअरचे व्हिडिओ करणारे, पीळदार मिशीवाले गुरू. त्यांनी 'चांगलं' म्हटलं की ते चांगलं, असं गावभर ठरलेलं होतं. त्यांनी बटण दाबलं. पडद्यावर साधं चित्र आलं, फुलांचं.

"अहाहा!" गुरू डोळे मिटून म्हणाले. "काय स्मूथ! याला म्हणतात कार्ड!"

"काय स्मूथ!" मागून दहा-बारा जण गरजले. बोका सगळ्यात जोरात.

मग गेम सुरू झाला, आणि तोंडं उघडीच राहिली. पडद्यावरची गाडी धावेना! एक ढांग टाकायची, थांबायची, पुन्हा एक ढांग. लंगडी घालावी तशी!

"म्हणजे..." गुरू खाकरले. "मी मघाशीच ओळखलं होतं. वीज कमी पडतेय." वीज तपासली, ठीक होती. "मग पंखे उलटे आहेत." पंखे सुलट होते. शेवटी गुरूंनी आपल्या व्हिडिओच्या कॅमेऱ्याकडे तोंड केलं. "हे कार्डच खोटं आहे! पोरीच्या हाती काम दिलं की असंच व्हायचं. खरं निघालं तर मिशी उतरवीन!"

कोणीतरी फिदीफिदी हसलं. "काय रे बोक्या, अर्धा तूच जोडलास ना?"

सगळे वळून बोक्याकडे बघू लागले. त्याचे कान तापले. आणि मग त्याच्या तोंडून ते निघून गेलं.

"मी? छे! मी फक्त स्क्रू धरले होते. सगळं ताईनंच केलंय. मी सांगत होतो, तिला जमायचं नाही म्हणून!"

ताईनं मान वर केली. ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं फक्त एकदा त्याच्याकडे बघितलं आणि ती आतल्या खोलीत निघून गेली.

मामानं गुरूंना शेजारी चहाला नेलं, गर्दीही त्यांच्या मागे गेली. पार्लरमध्ये तिघंच उरले.

"शोभतं का तुला?" इंजिन कडाडली. "आठवडाभर मी-मी-मी, आणि आज ताई-ताई-ताई!"

जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं बोक्याला वाटत होतं. आतून खोकं उघडल्याचा आवाज आला. ताई कार्डाचं रिकामं खोकं काढत होती. मामानं जाता जाता कार्डाच्या दुकानदाराला फोन लावला होता, संध्याकाळी तो ते परत न्यायला येणार होता.

"ए," लंब्या अचानक म्हणाला. त्यानं काचेचं दार उघडून आत हात घातला होता. "हे कार्ड गार आहे!"

"मग?"

"मग काय? एवढा वेळ गेम चालला, तो अजून चालूच आहे. आमच्या घरचा जुना कॉम्प्युटरसुद्धा इस्त्रीसारखा तापतो. हे तर गार पडलंय. याचे पंखेही फिरत नाहीयेत."

"म्हणजे कार्ड बिघडलेलं नाही," इंजिन हळूच म्हणाली. "ते कामच करत नाहीये! कोणी त्याला कामच दिलेलं नाही!"

तिघं पेटीच्या मागे रांगत गेले. पडद्याची केबल पकडून लंब्या बोट सरकवत गेला. मागे केबल खुपसायची, एकसारखी दिसणारी दोन पोर्टं होती, एक वर, एक खाली. खालचं कार्डाचं. वरचं थेट मदरबोर्डचं, म्हणजे कॉम्प्युटरच्या मुख्य पाटीचं. तिथे केबल लावली तरी चित्र येतं, पण बिचारं कार्ड बसून राहतं. आणि केबल होती वर!

"सापडलं!" इंजिननं उडीच मारली. "पण ताई अशी चूक करेल?"

बोका मात्र उडी मारत नव्हता. तो केबलवरच्या नाडीकडे बघत होता. ताई प्रत्येक केबल जांभळ्या नाडीनं बांधायची आणि चपटी गाठ मारून टोकं आत खोचायची. या एकाच नाडीला मात्र दोन कान होते, सशासारखे. बुटाच्या नाडीसारखी गाठ.

बोक्याला दुसरी गाठ येतच नव्हती.

सकाळी सगळे झोपेत असताना तो पार्लरमध्ये शिरला होता. हत्तीबरोबर फोटो हवा होता, 'मी आणि माझा हत्ती' असा. दिवे दिसावेत म्हणून त्यानं पेटी फिरवली, केबल ताणली गेली, म्हणून नाडी सोडून ती काढली, आणि मग परत खुपसून नाडी बांधली. पडदा उजळला तेव्हा त्याला वाटलं, झालं! आणि वर तो म्हणाला होता, तिला जमायचं नाही!

"बोक्या, वेळ काढू नकोस!" इंजिननं केबल खालच्या पोर्टमध्ये लावलीसुद्धा. "गुरूंना मी आणते."

गुरू मिशीवर ताव देत आले, मागोमाग मामा आणि गर्दी. "काका," इंजिन साखरेसारख्या आवाजात म्हणाली, "खोटं कार्ड ओळखायचं कसं ते शिकवा ना! एकदाच खेळून दाखवा."

"नीट बघा हं, पोरांनो," गुरू ऐटीत बसले. "आता ही गाडी वळणावर अडखळेल... आत्ता अडखळेल... आत्ता..."

कार्डाचे पंखे घुं घुं करत फिरू लागले. गाडी अशी सुसाट सुटली, की गुरूच खुर्चीत मागे सरकले!

"कार्ड खरं आहे, काका," लंब्या म्हणाला. "केबल चुकीच्या पोर्टात होती, आणि ते तुम्ही पाहिलंच नाही. मघाशी स्मूथ-स्मूथ म्हणालात ना, तेव्हाही कार्ड झोपलेलंच होतं!"

अख्खं पार्लर खदखदून हसलं. मघाशी 'काय स्मूथ!' म्हणणारे तेवढे गप्प होते. गुरूंनी हळूच हातानं मिशी झाकली.

"शाब्बास रे पठ्ठ्यांनो!" मामानं बोक्याच्या पाठीवर थाप मारली. "भाचा कोणाचा आहे!" मग तो दाराशी उभ्या असलेल्या ताईकडे वळला. "पण बाई, केबल चुकीची लावायची म्हणजे... मी काय म्हणालो होतो?"

ताईचा चेहरा उतरला. "घाईत झालं असेल, बाबा," ती म्हणाली. "माझीच चूक."

शाबासकीची ती थाप बोक्याच्या पाठीवर अजून झोंबत होती. गप्प राहिला असता, तर कोणाला कळणार होतं?

"तिची नाही!" तो ओरडला. रडू आवरेना. त्यानं नाडी हातात धरून दाखवली. "ही गाठ बघा! ताई अशी बांधते का कधी? सकाळी फोटो काढायला मी केबल काढली होती. आणि तिला जमत नाही असंही मीच म्हणालो. ताई, मी... मला लाज वाटतेय गं."

मामानं गाठ पाहिली, मग खिशातला स्क्रू-ड्रायव्हर काढून ताईच्या हातात दिला. "तुझी सगळी यंत्रं," तो म्हणाला. "आणि बोक्या, मघाची शाबासकी उगाच दिली होती. ही खरी." पण या वेळी त्यानं थाप मारली नाही, नुसता खांद्यावर हात ठेवला.

ताई बोक्याजवळ आली. "सोड ती गाठ," ती म्हणाली. "आणि चपटी मारायला शीक. चुकलास तर पुन्हा सोड."

तो गाठ सोडत असताना एक चिमुरडा गर्दीतून पुढे आला. हत्तीकडे बघून त्याचे डोळे विस्फारले होते.

"दादा, हा कोणी बनवला?"

"माझ्या ताईनं," बोका म्हणाला. "मी फक्त स्क्रू धरले. त्यातलेही दोन पाडले."

"तीन," ताई म्हणाली.