पडद्यामागची प्रवेश परीक्षा

खोटं वाटलं तर खुशाल हसा. पण माझी भाची ठकी खोटं बोलत नाही. तिला ते जमतच नाही, लगेच कान लाल होतात.

भर दुपारची गोष्ट. अडीच वाजले होते. विद्यापीठाच्या संगीत विभागात पियानोच्या अभ्यासक्रमाची प्रवेश परीक्षा. जागा एकच. ठकीचा हा तिसरा आणि शेवटचा प्रयत्न, पुढच्या वर्षी तिचं वय बसणार नव्हतं.

तिथली पद्धत अशी, की मधे जाड काळा पडदा. पलीकडे परीक्षक, अलीकडे पियानो. कोण वाजवतंय ते कळू नये म्हणून तोंडातून शब्द काढायचा नाही. काढला तर बाद. बूटसुद्धा दाराबाहेर.

"क्रमांक अकरा, जा बाळ," दारावरच्या कारकूनबाई म्हणाल्या. "आत कुणी खात नाही."

दार बंद झालं.

ठकी बाकावर बसली आणि... बोटं हलेनात.

पलीकडून घंटी वाजली. सुरू करा.

संपलं सगळं! रडू फुटायचंच बाकी होतं.

तेवढ्यात... मागे पावलं. अनवाणी.

तिने वळून पाहिलं. कुणीच नाही.

मग बाक डावीकडे खचला. कुणी शेजारी बसल्यासारखा.

आणि पट्ट्या खाली जायला लागल्या... आपोआप.

तिने वर्षभर घोटलेलीच रचना. पण अशी तिला सात जन्मांत जमली नसती.

ठकीचे हात मांडीवर होते. किंचाळावंसं वाटत होतं. पण बोललं की बाद... म्हणून ती गप्प बसली.

संध्याकाळी यादी लागली. क्रमांक अकरा! तिच्या बाबांना आनंदाने रडू आवरेना.

दुसऱ्या दिवशी ती विभागप्रमुख बाईंकडे गेली. "मॅडम, मला जागा नको. ते मी वाजवलंच नाही."

बाईंनी उठून दार लावलं.

"मीही माझ्या वेळी गप्पच बसले होते," त्या हळूच म्हणाल्या. "आता नको म्हणून चालायचं नाही गं."

तीन महिने झाले. ठकीचं जिकडेतिकडे कौतुक. परवा तिचा फोन आला.

"मावशी, बोटं चालतात गं... पण मी नाही चालवत."

मी ताडकन उठले. "ठके, फोन ठेव आणि तडक घरी निघ."

ती बराच वेळ नुसती रडत राहिली.

"ठेवू देत नाहीये, मावशी."