रिकाम्या खोलीचा आवाज

हे माझ्याच घरात घडलंय. कोणाच्या मामाच्या मित्राकडून ऐकलेलं नाही. पटलं तर वाचा, नाहीतर पुढं सरका. वाद घालण्याइतका जोर माझ्यात राहिलेला नाही.

ठिकाण धुळे, देवपूर.

वेळ रात्रीची नाही... भर दुपारची.

या वर्षीच्या आखाजीचा, म्हणजे अक्षय तृतीयेचा, आदला दिवस. त्या उन्हात आमच्या गल्लीत कुत्रंही बाहेर दिसत नाही. भुतं रात्रीच येतात असं म्हणणाऱ्यानं आमच्याकडची वैशाखातली दुपार बघितलेली नसावी.

मी मोहिनी. माझे पती हितेंद्र घरातल्याच एका खोलीत अहिराणी गाणी रेकॉर्ड करायचे. त्या आवाजांची संगणकावरची साफसफाई मी करायची. गेल्या वर्षी आखाजी झाल्यावर ते नरडाण्याला एका लग्नात रेकॉर्डिंगला गेले. तिथंच छातीत कळ आली. संपलं.

मी तेव्हा रडले नाही. नंतरही नाही. भाकरी करत होते, कपडे वाळत घालत होते, लोक बोलले की मान हलवत होते. सगळं काचेपलीकडं चालल्यासारखं वाटायचं.

हितेंद्रांनी आयुष्यभर दुसऱ्यांचे आवाज घेतले. स्वतःचा एकदाच घेतला. जाण्याच्या थोडे दिवस आधी. खोलीतून बाहेर येऊन हसत म्हणाले होते, "आज मी गायलो. आईचं झोक्याचं गाणं. नंतर ऐकवतो."

ते नंतर आलंच नाही.

गाणं त्यांच्या जुन्या रेकॉर्डरमध्ये अडकलं होतं. त्याची काच कधीच गेली होती, बटणं दाबून काही होत नव्हतं. संगणकाला जोडलं तरच आतलं बाहेर यायचं. आणि त्याला चालवणारा जुना संगणक पावसाळ्यात लाइट कमीजास्त होऊन जळाला.

नवीन लॅपटॉप आणला, तर त्यातलं विंडोज त्या रेकॉर्डरला ओळखायलाच तयार नाही.

माझ्या सासूबाई, द्रौपदाबाई, यांचं एकच मागणं होतं. त्यांना आता डोळ्यांनी फारसं दिसत नाही.

"माले एकडाव त्याना आवाज ऐकाड माय," त्या म्हणायच्या. "मंग घागर भरसू."

आखाजीला आमच्याकडे पितरांच्या नावानं घागर भरतात. हितेंद्रांची ही पहिलीच. ती भरली की माणूस पितरांत गेला. मग तो घरातला राहत नाही.

म्हणून आदल्या दिवशी मी भूषण भाऊंना बोलावलं. ते यांचे जुने मित्र, भुसावळला संगणक दुरुस्तीचं दुकान आहे. पुढं काय होणार हे माहीत असतं तर बोलावलं असतं का... सांगता येत नाही.

भूषण भाऊंनी तपासलं आणि मान हलवली.

"वहिनी, याची कंपनीच बंद पडली. याची ओळख करून देणारा प्रोग्राम, ड्रायव्हर, नवा निघणारच नाही. जुनाच घुसवावा लागेल."

"मग घुसवा ना."

"विंडोज घेत नाही. त्यावर ओळखीची सही नाही म्हणतंय. त्याचा पहाराच बंद करावा लागेल." ते हसले. "म्हणजे मग कोणीही आत येईल बरं का."

लॅपटॉप दोनदा बंद-चालू केला. लाल अक्षरांत धमकी आली. तरीही पुढं जा, असं त्यांनी दाबलं.

रेकॉर्डरचा हिरवा दिवा लागला.

गाणं सापडलं. पण आयुष्यभर लोकांना "कूलर बंद करा" म्हणून ओरडणारा हा माणूस स्वतः गाताना मात्र कूलर बंद करायला विसरला होता. नुसती घरघर. मागं त्यांचीच पेटी, आणि त्याखाली खूप खोल... त्यांचा आवाज. शब्द कळत नव्हते.

यावर उपाय असतो. आमच्या धंद्यात त्याला 'खोली घेणं' म्हणतात. गाण्याआधी सगळे गप्प बसतात आणि रिकाम्या खोलीचा आवाज तेवढा रेकॉर्ड होतो. मग सॉफ्टवेअरला तो दाखवायचा आणि सांगायचं, हा असला आवाज गाण्यातून काढून टाक. त्या दिवशी ते एकटेच होते. खोली घेतलीच नव्हती.

म्हटलं, आता घेऊ. खोली तीच, माईक तोच, रेकॉर्डरही तोच. घरघर लागेल म्हणून कूलर मी चालूच ठेवणार होते. तेवढ्यात लाइट गेली.

कूलर थांबला. लॅपटॉप बॅटरीवर होता, रेकॉर्डर त्याच्यावरच चालत होता.

"राहू द्या, घ्या अशीच," भूषण भाऊ म्हणाले. "थोडा तरी फरक पडेल."

सासूबाई दारात बसल्या. मी बटण दाबलं. कोणी श्वासही जोरात घेत नव्हतं. मध्ये भूषण भाऊंनी अवघडलेला पाय जरा सरकवला, तेवढंच.

पूर्ण शांतता.

पण पडद्यावरची आवाजाची रेघ... हलत होती.

मी दुर्लक्ष केलं. तो आवाज सॉफ्टवेअरला दाखवला, गाण्यातून काढायला सांगितलं, आणि गाणं लावलं.

कूलरची घरघर होती तशीच होती.

पेटी होती.

हितेंद्र नव्हते.

त्यांचा आवाज तेवढा नेमका गेला होता. मला तेव्हाही काही वाटलं नाही. त्या सॉफ्टवेअरमध्ये एक खूण असते, काढून टाकलेला आवाज तेवढा ऐकायची. मी ती केली.

आणि हितेंद्र गायले.

स्वच्छ. अगदी जवळून. कूलर नाही, पेटी नाही. एक-एक शब्द कळत होता.

दारातून हुंदका आला. "हाऊ मना पोऱ्या..."

भूषण भाऊ हळूच म्हणाले, "वहिनी... रिकाम्या खोलीत हा आवाज होता कसा? आत्ता घेतलेली खोली लावा बरं."

मी ती लावली. आवाज पूर्ण वाढवला.

आधी खरखर. मग भूषण भाऊंचा पाय सरकला, ते ऐकू आलं.

आणि लगेच मागून...

"भूषण, हलू नको ना भो."

भूषण भाऊ उठले ते थेट गाडीकडं गेले. चपलाही घातल्या नाहीत. चपला आमच्या दारात अजून आहेत.

लाइट आली तेव्हा सासूबाई खोलीत येऊन बसल्या होत्या. डोळे पुसत म्हणाल्या, "कूलर लाय माय. त्याले गरम व्हई ऱ्हायनं."

दुसऱ्या दिवशी आखाजी. पुरणपोळी, आंब्याचा रस झाला. घागर मांडली, वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवलं. उन्हाळ्यात पितरांना पाणी मिळावं म्हणून ही घागर. ज्याची भरली नाही, तो तहानलेला फिरतो म्हणतात.

दुपारी गोवरीच्या निखाऱ्यावर घास टाकत सासूबाई एकेका पितराचं नाव घेऊ लागल्या. सासरे झाले. आजेसासरे झाले.

वर्षभरात पहिल्यांदा माझ्या छातीत काहीतरी हललं. मी त्यांचा हात धरला.

"आई, यांचं नाव नका घेऊ."

त्यांनी हात सोडवला नाही. माझा हातच घागरीला लावला.

घागर कोरडी होती. हलकी.

"मी भरीच नही," त्या म्हणाल्या. "भरू ते तो चालना जाई."

आम्ही दोघींनी कोणाला काही सांगितलं नाही. भावकी जेवून गेली. घागर भरलीय असंच सगळ्यांना वाटलं.

तेव्हापासून मी रोज दुपारी खोली घेते. कूलर बंद करते, बसते, मग ऐकते. सुरुवातीला ते गुणगुणायचे. कधी पेटीचा सूर उतरलाय म्हणायचे. मी खूश होते, हे मान्य करते. त्या अर्ध्या मिनिटासाठी मी सकाळचं काम उरकायचे.

मग आवाज कोरडा पडत गेला.

मग खोकला.

गेल्या आठवड्यापासून गाणं नाही. एकच शब्द येतो... "पाणी."

मी खोलीत तांब्या ठेवला. तो भरलेलाच राहतो. घागर आता भरता येते का, हे मी कोणाला विचारलेलं नाही. विचारलं आणि 'हो' म्हणाले तर?

आजही ऐकलं. आज तो शब्दही अर्धाच आला.

सासूबाई दारात वाट बघत होत्या. "आज काय म्हनना तो?"

"काही नाही आई. गुणगुणत होते."

त्या समाधानानं आडव्या झाल्या. मी माठाजवळ गेले. घसा सुकला होता. पेला भरून ओठांपर्यंत नेला...

आणि मला तो पिता आला नाही.