गाडीतली चौथी पेटी

सुंदराबाई गमरे खुर्चीवर बसायला तयार नव्हत्या. गंगाधर सबनिसांनी दोनदा सांगितलं, तात्यांनी खुर्ची पुढे ओढली, तरी बाई उंबऱ्याशी उभ्याच. शेवटी सबनीस स्वतःच उठून उभे राहिले, तेव्हा बाईंचा नाइलाज झाला.

फणसवाडीतल्या या दोन खोल्यांत खासगी तपासाचं काम चालतं, हे त्यांना गिरणीतल्या एका बाईने सांगितलं होतं. सबनीस जिभेने तिखट आणि नजरेने त्याहून तिखट. त्यांचे जोडीदार तात्या गोदीतल्या कारकुनीतून निवृत्त झालेले, मनाने साधे. पण जो पहिला दिसेल त्यालाच गुन्हेगार ठरवायची त्यांना भारी घाई.

बाईंची हकिगत अशी. चार दिवसांपूर्वी भरदुपारी लालबागच्या मैदानात कलापथकाची गाडी जळाली. लढाईच्या काळातली जुनी रुग्णवाहिका घेऊन तिचं फिरतं घर केलेलं होतं. आत झोपायला चार फळ्या, कपड्यांच्या ट्रंका, माइक, पंखा, विजेची इस्त्री. मुक्काम पडला की शेजारच्या चाळीतून वायर ओढून करंट घ्यायचा. संयुक्त महाराष्ट्राची गाणी घेऊन ही गाडी मुंबईभर आणि खाली कोकणात हिंडायची. मतदान तीन आठवड्यांवर आलेलं, आणि त्यात ही आग. पथकातले म्हातारे ढोलकीवाले सीतारामकाका धुरी तापाने आत पडून होते. ते धुराने गुदमरून गेले.

बाईंचा मुलगा बुधाजी पथकाचा वायरमन. पोलिसांनी हलगर्जीपणाबद्दल त्याला आत घातलं होतं. लालबागमध्ये मात्र लोक वेगळंच बोलत होते. पोरगा फितूर झाला, विरोधकांना विकला गेला आणि मुद्दाम आग लावली, असं. दोन दिवसांपासून चाळीच्या नळावर बाईंचा हंडा कुणी लावू देत नव्हतं.

"तो स्वतः काय म्हणतो?" सबनिसांनी विचारलं.

"कायच न्हाय, साहेब. चूक माजी, येवढंच बोलतो आनि भितीकडे बघत बसतो. पन माज्या पोराच्या हातचा वायरीचा सांदा सैल ऱ्हायचा न्हाय."

सबनिसांनी मग आगीचं सोडून भलतंच विचारलं. अलीकडे घरी त्याचं वागणं कसं होतं? बाईंनी सांगितलं की डिसेंबरात दादरच्या चौपाटीवर मायलेकांनी बौद्ध धर्माची दीक्षा घेतली, घरातले देव विसर्जित केले आणि पोरगा आठवडाभर हवेत होता. त्यानंतर कुठेतरी बिनसलं. सीतारामकाकांना बाईंच्या हातची सुकटीची चटणी आवडायची, म्हणून त्या डबा दोघांचा द्यायच्या. काका पोराबरोबर एकाच डब्यात जेवायचे. दोन महिने झाले, डबा अर्धा परत येत होता. पोराची भूक मेली, असं त्या समजल्या होत्या.

बाई गेल्यावर तात्यांनी निकाल देऊन टाकला. पोरगा कबूल करतोय, मग तपास कसला करायचा?

"कबूल करणारा माणूस कारणही सांगतो, तात्या. याने कारण गिळलंय," सबनीस म्हणाले आणि टोपी शोधू लागले.

जळकी गाडी पोलिसांनी शिवडीला एका गोदामाच्या आवारात आणून ठेवली होती. बाजूची पत्र्याची भिंत काळी पडली होती आणि ड्रायव्हरच्या सीटमागचा लाकडी भाग कोळसा झाला होता. गाडीत वायरी जोडायच्या चार लाकडी पेट्या होत्या. तीन मागच्या बाजूला धड होत्या. चौथी सीटच्या मागे, डोक्याच्या उंचीवर, आणि आग तिथूनच धरलेली.

तात्या म्हणाले, पोराने फ्यूजला जाड तार घातली असणार, तेच पोलिसांचंही म्हणणं आहे. सबनिसांनी फ्यूज ओढून त्यांच्या हातावर ठेवला. तार केसासारखी बारीक होती आणि अखंड होती.

"करंट जास्त ओढला गेला असता तर ही आधी वितळली असती. शिवाय वायर सगळीच भाजली असती. ही बघा, पेटीपासून वीतभर अंतरावर वायर अगदी कोरी आहे. जळालाय तो फक्त जोड."

"म्हणजे काय झालं?"

"गाडी खड्ड्यांतून हादरते आणि स्क्रू सैल पडतात. सैल जोडातून करंट नेहमीएवढाच जातो, पण जोड तापत राहतो. इस्त्रीसारखी खादाड वस्तू लावली की जास्तच. फ्यूजला त्याचा पत्ता लागत नाही. आज तापतो, उद्या तापतो, एक दिवस लाकूड पेट घेतं. प्रत्येक प्रवासानंतर स्क्रू आवळायचे, एवढा एकच उपाय."

त्यांनी मागच्या तिन्ही पेट्या उघडल्या. आत पितळी स्क्रूंच्या खाचा पेचकसाच्या रोजच्या फिरण्याने लखलखीत झाल्या होत्या. चौथ्या पेटीतला स्क्रू तापून निळा पडलेला. तिचं झाकण खाली पडलं होतं, आतून कोळसा आणि बाहेरून बरंचसं शाबूत. झाकण बसवायच्या चारही पितळी स्क्रूंच्या खाचा काहीतरी तांबूस साचून बुजल्या होत्या.

"गंज," तात्या म्हणाले.

"पितळेला असा गंज चढत नाही," म्हणत सबनिसांनी थोडे कण खरवडून कागदात बांधला. तात्यांना राग आला. ज्ञान पाजळायची गरज होती का, असं त्यांना वाटलं.

दुपारी ते लालबागला पथकाच्या खोलीवर गेले. आधी ड्रायव्हर रघु भेटला. आगीच्या दिवशी सकाळी बुधाजी पेचकस घेऊन गाडीत फिरत होता, हे त्यानेच पोलिसांना सांगितलं होतं. मागच्या पेट्या त्याने उघडल्या. मग माझ्या सीटमागे आला, म्हणाला रघु, आणि पेटीसमोर नुसता उभा राहिला.

"उभा कसा होता?"

रघुने उठून करून दाखवलं. दोन्ही हात पाठीमागे एकमेकांत धरलेले. "असा, पाच मिंट. मग काय न बोलता खाली उतरला. माका तेव्हाच डाव वाटलो."

तात्यांनी सबनिसांकडे विजयी नजरेने पाहिलं. सबनिसांनी ती नजर पाहूनही पाहिली नाही.

गायिका बकुळा रडून रडून सुजली होती. सीतारामकाकांनी तिला लहानपणापासून ताल शिकवला होता. आगीच्या दिवशी तीच कपड्यांना इस्त्री करत होती आणि चहासाठी दहा मिनिटं खाली उतरली होती, हे तिला खात होतं. तिने सांगितलं की पंधरा दिवसांपासून इस्त्री लावली की दिवे मिणमिणायचे. सीटमागे, देवाजवळ, जळका वासही यायचा. तिने पथकाचे प्रमुख रामदास टिपणीस यांना दोनदा सांगितलं. ते म्हणाले, लालबागचा करंटच तसला आहे आणि वास उदबत्तीचा आहे.

"देव कुठे होता?"

"त्या पेटीवरच. शेंदरी गणपती. टिपणीसदादांच्या आईंनी मार्गशीर्षात पाठवला. दर मंगळवारी दादा पूजा करायचे, पेटीच्या झाकणावर शेंदुराचं स्वस्तिक काढायचे." तिने डोळे पुसले. "बुधाजी त्याच सुमाराला घुमा झाला. काकांशी तर बोलेनाच. काका मला विचारायचे, पोराचं काय बिनसलं गं?"

टिपणीस चाळिशीतले, खादीतले, आवाज घडवलेला. व्यासपीठावर समतेचं कवन ते इतकं सुंदर म्हणत की गिरणीतले कामगार डोळे पुसत. बुधाजीला आपण जातपात न बघता कामावर घेतलं, असं ते पहिल्या दोन वाक्यांतच सांगून मोकळे झाले. पोरगा गुणी, पण अलीकडे लक्ष नव्हतं. दिवे मिणमिणतात अशी कुणाची तक्रार आपल्याकडे आली नव्हती. देवाबद्दल विचारल्यावर ते म्हणाले, गणपती गाडीत पहिल्यापासूनच होता.

सबनिसांनी त्यांच्याशी वाद घातला नाही. संध्याकाळी मात्र ते पोलीस चौकीत गेले आणि सबइन्स्पेक्टरला सोबत घेऊन परत पथकाच्या खोलीवर आले. रघु आणि बकुळा तिथेच होती. सुंदराबाईंना तात्या बोलावून घेऊन आले. या वेळी त्यांना बसायला आग्रह करावा लागला नाही, बकुळेने त्यांना हाताला धरून आपल्याशेजारी बसवलं.

सबनिसांनी कागदाची पुडी उघडली.

"हा शेंदूर. तेलात कालवलेला, थरावर थर चढून सुकलेला. चौथ्या पेटीच्या चारही स्क्रूंच्या खाचांत भरला होता. म्हणजे देव आल्यापासून त्या स्क्रूंना पेचकस लागलेलाच नाही. इतर तीन पेट्या रोज आवळणारा वायरमन हीच का सोडतो? आळशी असता तर चारही सोडल्या असत्या. घातपात करायचा असता तर पेटी उघडली असती. रघुने त्याला हात पाठीमागे बांधून उभं राहिलेलं पाहिलं. माणूस असा कधी उभा राहतो? जिथे हात लावायला मनाई असते तिथे."

टिपणीसांनी घसा साफ केला.

"मी हे सांगणार नव्हतो. गेलेल्या माणसाचं नाव कशाला काढायचं? सीतारामकाकांना चालत नव्हतं. जुनी माणसं. देवाच्या पेटीला त्याने हात लावलेला त्यांना खपेना. मी बुधाजीला त्यांच्या वतीने तसं सांगितलं, आणि त्याने ऐकलं."

तात्यांनी मान डोलावली. त्यांना ते पटलं होतं.

"सीतारामकाका या बाईंच्या घरची सुकटीची चटणी बुधाजीच्या डब्यात हात घालून खायचे," सबनीस म्हणाले. "ज्याला त्याचं उष्टं चालतं त्याला पेटीवरचा हात बाटवतो होय? आणि काका खरंच तसं बोलले असते, तर पोरगा का रुसला असं बकुळेला विचारत बसले नसते. त्यांना यातलं काही ठाऊकच नव्हतं. देव मार्गशीर्षात आला, तुम्ही पहिल्यापासून म्हणालात. बकुळेने दोनदा तक्रार केली, तुम्ही नाही म्हणालात. टिपणीस, मनाई तुमची होती. नाव फक्त म्हाताऱ्याचं वापरलंत."

टिपणीस बोलले तेव्हा त्यांचा व्यासपीठावरचा आवाज गेला होता.

"आईची अट होती. सोवळ्यातला देव आहे, बुधाजीला हात लावू द्यायचा नाही. मला ते पटत नव्हतं, खरंच नव्हतं. पण आमच्या घरची अट म्हणून त्याच्या तोंडावर सांगायची लाज वाटली. तो दोनदा म्हणाला, दुसऱ्या कुणाकडून तरी जोड आवळून घ्या. मी म्हटलं, बघू. मग राहून गेलं." त्यांनी सबइन्स्पेक्टरकडे पाहिलं. "तीन आठवडे थांबता येणार नाही का? हे छापून आलं तर चळवळीच्या तोंडाला काळं फासलं जाईल. मतदान होऊ दे, मी स्वतः येऊन जबानी देतो."

"तवर माजा पोरगा काय म्हनून बसंल तिथं?" सुंदराबाईंनी विचारलं. त्यांचा आवाज चढला नव्हता. "फितूर म्हनून?"

बकुळा उठली, म्हणाली, माझी जबानी आत्ता लिहा. रघुनेही मान हलवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बुधाजी सुटला. सबनीस आणि तात्या त्याला घ्यायला चौकीवर गेले होते. पोरगा पंचविशीचा, सडपातळ, चार दिवसांत म्हातारा झालेला. आभार मानून तो निघणार होता, पण जाता जाता त्याने विचारलं की हे उघडकीला आलंच कसं. काकांचं नाव खराब होऊ नये म्हणून मी तोंड उघडलं नव्हतं, तो म्हणाला. त्यांनी मला मुलासारखं वागवलं होतं, एवढी एक गोष्ट सोडून.

सबनिसांना सांगावंच लागलं. काकांनी तसं कधीच म्हटलं नव्हतं.

बुधाजी फाटकाच्या खांबाला धरून उभा राहिला. रस्त्याने प्रचाराच्या घोषणा देत एक जथा चालला होता.

"दोन महिने मी त्यांच्याशी बोललो नाही, साहेब," तो म्हणाला. "त्या दिवशी सकाळी त्यांनी मला पाणी मागितलं. तापात होते. मी तांब्या लांब ठेवला आणि उतरलो. म्हटलं, माझ्या हातचं यांना नको असेल."

तात्यांनी त्याच्या खांद्यावर ठेवायला हात पुढे केला. बुधाजीने तो हळूच बाजूला केला आणि एकटाच रस्त्याला लागला.