सुप्रभा ओव्हाळ, विंडहुक ते वॉटफर्ड

ताटल्या हवेत हलवून वाळवणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला तो नामिबियात, विंडहुकबाहेरच्या कॅम्पसाइटवर. आणि तो चक्क मराठीत पुटपुटत होता.

"आई बघेल तर बेशुद्ध पडेल," असं स्वतःशीच म्हणत त्यानं दोन्ही हातांतल्या ताटल्या जोरजोरात हलवायला सुरुवात केली.

आमच्या सफरीच्या ट्रकवर भांडी पुसायला फडकंच नव्हतं. एका फडक्यानं अख्ख्या ट्रकचं पोट बिघडतं, असं आमचा गाइड पेट्रस म्हणायचा. त्यामुळे बारा जणांची भांडी धुवायची आणि मग हवेत हलवून वाळवायची. स्वयंपाक, भांडी, ट्रक झाडणं, सगळ्याच्या पाळ्या ठरलेल्या. पहिल्या संध्याकाळी भांड्यांची पाळी माझी होती आणि टबाच्या पलीकडे हा उभा होता. उंच, चष्मेवाला, नाकावर सनस्क्रीनचा पांढरा पट्टा.

"फोटो पाठव आईंना," मी म्हणाले. "लगेच शुद्धीवर येतील."

त्याच्या हातातल्या ताटल्या थांबल्या. "तू… मराठी?"

"वॉटफर्डची."

"मी एजवेअर." तो हसायला लागला. "सीरियसली? एकशे बेचाळीस नंबरची बस तुझ्याकडून माझ्याकडे येते, आणि आपण भेटायला आफ्रिकेत आलो?"

"बस वेळेवर येत नाही. म्हणून असेल."

"हा प्लेट झाला वाटतं."

"ही प्लेट. आणि झाली नाही, ओली आहे."

"टीचर आहेस का गं?"

"गणिताची."

"वाटलंच," तो म्हणाला आणि निमूटपणे ती ताटली पुन्हा हलवू लागला. मला हसू आलं. ते लपवायला मी टबात हात घातला आणि धुतलेलाच चमचा पुन्हा धुतला.

आता इथं एक सांगायला हवं. इंग्लंडात दोन मराठी माणसं भेटली की पहिला प्रश्न असतो, कुठं राहता. दुसरा असतो, आडनाव काय. वेम्बलीच्या मिठाईच्या दुकानात असो, मंडळाच्या गणपतीत असो की कुणाच्या डोहाळजेवणात, हा दुसरा प्रश्न चुकत नाही. मी ओव्हाळ म्हटलं की काही जणांचं हसू जागच्या जागी राहतं आणि डोळे मात्र हिशेब करायला लागतात. कुणी वाईट बोलत नाही. "अच्छा, अच्छा," म्हणतात आणि समोसे संपले का ते बघायला निघून जातात.

माझे आजोबा यादवराव ओव्हाळ श्रीगोंद्याहून वॉटफर्डला आले आणि तिथल्या छापखान्यात आयुष्यभर राबले. घर घेतल्यावर पुढच्या खोलीत त्यांनी आधी बाबासाहेबांचा फोटो लावला, सोफा नंतर आणला. मला मराठी वाचायला त्यांनीच शिकवलं. आणि हेही शिकवलं, की आडनाव कुणी विचारायची वाट बघायची नाही. आपणच सांगून टाकायचं, मान वर करून.

दुसऱ्या दिवशी ट्रक वाळवंटाच्या दिशेनं निघाला, तेव्हा तो माझ्या शेजारी येऊन बसला. त्यानं अजून विचारलं नव्हतं. मी वाट बघितली नाही.

"सुप्रभा ओव्हाळ," मी म्हणाले. "जय भीम." आणि त्याच्या डोळ्यांकडे रोखून पाहिलं.

"समर देवस्थळी. जय भीम," तो म्हणाला. मग जरा वाकून त्यानं माझ्याकडे पाहिलं. "तू माझ्या डोळ्यांत काय शोधतेयस? ते काम माझंय. मी ऑप्टिशियन आहे."

"आणि काय दिसलं तुला?"

"नंबर नाहीये. पण नजर… डेंजरस आहे."

मी खिडकीबाहेर बघायला लागले. बाहेर नुसतं पिवळं गवत होतं. तरी मी ते बराच वेळ मन लावून बघितलं.

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते मला आजही नीट लावून सांगता येत नाही. सोसुसव्लेईच्या लाल टेकाडावर आम्ही पहाटे चढलो. वाळूत दोन पावलं चढावं तर एक पाऊल घसरावं. तो मागून धापा टाकत विचारायचा, "थांबायचं का?" आणि मी म्हणायचे, "तू थांब." वर पोहोचल्यावर मी त्याच्यासाठी पाण्याची बाटली उघडून ठेवली होती. तो आला, बसला, आणि सूर्य उगवत होता तिकडे न बघता माझ्याकडेच बघत राहिला.

"सूर्य तिकडे आहे," मी म्हणाले.

"माहितीये," तो म्हणाला.

आमची स्वयंपाकाची पाळी आली त्या दिवशी मी वेम्बलीच्या ईलिंग रोडवरून आणलेलं बेसन काढलं आणि सगळ्यांना पिठलं केलं. त्यानं कांदा चिरला, रडला, आणि रडतानाही बडबडत राहिला. पेट्रसनं तीनदा वाढून घेतलं. इटोशाच्या अभयारण्यात पाणवठ्यावर हत्ती आले, लहान पिल्लांना मधे घेऊन, काहीही आवाज न करता. आम्ही बाकावर श्वास रोखून बसलो होतो. समरनं माझी बाही धरली. हात नाही, फक्त बाही. मी ती सोडवून घेतली नाही… हत्ती गेल्यावरही नाही.

बोट्स्वानात जनावरांच्या रोगांसाठी जागोजागी कुंपणं आहेत. तिथं सगळ्यांनी उतरून औषधाच्या पाण्यात बूट बुडवायचे असतात. समरनं बूट बुडवले आणि गंभीर चेहरा करून म्हणाला, "आता मी पवित्र झालो." मग लगेच माझ्याकडे बघून म्हणाला, "सॉरी. घाणेरडा जोक होता."

"होता," मी म्हणाले. "पण तुला कळलं, म्हणून माफ." खरं सांगते, तो मला त्या क्षणी फार आवडला.

म्हणूनच माऊनला जे झालं ते मला लागलं.

माऊनच्या कॅम्पसाइटवर बऱ्याच दिवसांनी वायफाय मिळालं. दुपारी झाडाखाली बसून समरनं आईला व्हिडिओ कॉल लावला. मी शेजारीच मोजे वाळत घालत होते. त्यानं फोन माझ्याकडे वळवला. पडद्यावर राजश्रीकाकू होत्या. छान चेहरा, कपाळावर बारीक टिकली.

"अगं बाई, मराठी मुलगी! समर, बोलला नाहीस. कुठली गं तू?"

"वॉटफर्डची, काकू."

"नाव काय तुझं?"

"सुप्रभा."

"किती गोड नाव. जुनं आहे, पण गोड. आणि आडनाव?"

मी मान सरळ केली. तोंड उघडलं. तेवढ्यात समरचा हात मधे आला.

"आई, नेट गेलं गं, नंतर करतो," तो म्हणाला आणि फोन काळा झाला.

नेट कुठंही गेलं नव्हतं. पलीकडच्या टेबलावर आमच्या ट्रकवरचं जर्मन जोडपं आरामात फुटबॉलची मॅच बघत होतं.

"नेटला काय झालं?" मी विचारलं.

"सुप्रभा, ऐक ना… आई वाईट नाहीये. पण तिचे ते एक्स्प्रेशन्स… तू अपसेट झाली असतीस. मला ते नको होतं."

"ते एक्स्प्रेशन्स मी लहानपणापासून बघतेय, समर. मला काही होत नाही. तुझं एक्स्प्रेशन मात्र आज पहिल्यांदा बघितलं."

"मी तुला प्रोटेक्ट करत होतो."

"कुणापासून? माझ्याच नावापासून?"

माझ्या हातात ओले मोजे होते, ते मी तिथंच टाकून निघून गेले.

मी भांड्यांची पाळी बदलून घेतली. ओकावँगो नदीच्या पाण्यात लाकडी होड्यांतून गेलो, एका होडीत दोघं, तेव्हा मी जर्मन बाईंबरोबर बसले. कमळांमधून होडी सरकत होती, पाणी आरशासारखं स्वच्छ, आणि मला त्यातलं काही दिसत नव्हतं. रडू आलं नाही असं नाही. आलं. पण ते तंबूत, उशीत तोंड खुपसून. ओव्हाळांच्या पोरीनं चारचौघांत रडायचं, तेही एका देवस्थळ्यासाठी, हे मला पटण्यासारखं नव्हतं.

सफर संपली व्हिक्टोरिया धबधब्यावर. पाण्याचे तुषार इतके उडत होते की समोरचं दिसेना. सगळे पुढं गेले. मी कठड्याशी उभी होते आणि तो येऊन शेजारी उभा राहिला, चष्मा हातात, केस कपाळाला चिकटलेले.

"मी विचार केला," तो म्हणाला. आवाज मोठा करावा लागत होता. "मी तुला प्रोटेक्ट नव्हतो करत. मी घाबरलो होतो. आईला. मी… स्वतःला वाचवलं."

मी कठड्यावरून हात काढून त्याच्याकडे वळले.

"मला तू आवडतेस, सुप्रभा. म्हणजे… खूप."

"मलाही तू आवडतोस," मी म्हणाले. "लपवायची मला सवय नाही. पण ज्या घरात माझं आडनाव हळू आवाजात घ्यावं लागेल, त्या घरात मी पाऊल ठेवणार नाही. आधी तिथं ते मोठ्यानं घे. मग मला फोन कर. नाही जमलं तर करू नकोस, मी समजून घेईन."

त्यानं मान हलवली. माझा चेहरा भिजला होता. तुषारांचा हा एक फायदा असतो.

सप्टेंबरात शाळा सुरू झाली. नववीच्या वर्गाला अपूर्णांक शिकवताना माझं लक्ष फोनकडे जायचं आणि मी स्वतःवरच चिडायचे. आजोबांनी एकदा विचारलं, "पोरी, आफ्रिकेत काय विसरून आलीस?" मी म्हटलं, "मोजे." ते हसले, पण पुढं विचारलं नाही.

फोन आला एका शुक्रवारी, मी बसस्टॉपवर उभी असताना.

"सांगितलं," समर म्हणाला.

"कसं?"

"जेवताना. मावशी पण होती. म्हटलं, मला एक मुलगी आवडते, तिचं नाव सुप्रभा ओव्हाळ. आई वरण वाढत होती, ती थांबली. मावशी म्हणाली, ओव्हाळ म्हणजे…? मी म्हटलं, म्हणजे तेच, जे तुला वाटतंय. आणि मला त्याचं प्राउड आहे."

बस आली. मी चढले नाही.

"मग?"

"आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. आज म्हणाली, घेऊन ये तिला."

"घेऊन ये? मी काय पार्सल आहे?"

तो हसला, जरा घाबरतच. "मग काय सांगू?"

"मुलीकडे जायची पद्धत आहे ना तुमच्यात? आमच्यातही आहे. रविवारी चहाला या म्हणावं."

मला वाटलं होतं, त्या येणार नाहीत. रविवारी आजोबांनी सूट चढवला, निळा टाय बांधला आणि सकाळपासून पुढच्या खोलीत खुर्चीवर ताठ बसून राहिले. चारच्या सुमारास बेल वाजली. मी दार उघडलं. जांभळा कोट घातलेल्या राजश्रीकाकू बर्फीचा डबा छातीशी धरून उभ्या होत्या. त्यांच्या मागे समर.

"ओव्हाळांचं घर ना?" त्यांनी विचारलं. आवाज किंचित कापत होता. पण शब्द पूर्ण उच्चारला होता.

"हो, काकू. या."

त्या आत आल्या. बाबासाहेबांच्या फोटोसमोर क्षणभर घुटमळल्या, मग त्यांनी हात जोडले. आजोबा उठून उभे राहिले. कुणी बसायच्या आधीच समर पुढं आला.

"आजोबा, मी समर देवस्थळी. माझ्याकडून एक चूक झाली होती. सुप्रभा आईला आडनाव सांगत होती आणि मी फोन बंद केला. मला तुमची माफी मागायचीय."

आजोबांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "फोन बंद करणारे पुष्कळ पाहिले," ते म्हणाले. "दारात येऊन सांगणारा पहिलाच. बस." मग ते काकूंकडे वळले. "आणि बाई, तुमचं काय? खरं सांगा. या घरात खोटं बोललेलं चालत नाही."

काकूंनी बसून डबा मांडीवर ठेवला. "खरं सांगते. दोन रात्री झोप आली नाही. पहिल्या रात्री वाटलं, लोक काय म्हणतील. दुसऱ्या रात्री वाटलं, मी इतकी वर्षं इथं राहून अजून हेच का विचारतेय. त्या दुसऱ्या रात्रीची लाज जास्त होती." त्या माझ्याकडे वळल्या. "सवय आहे गं. वाईट आहे, पण आहे. सुटायला वेळ लागेल."

"वेळ घ्या, काकू," मी म्हणाले. "मात्र मी माझं नाव तोवर बारीक आवाजात घेणार नाही."

"घेऊ नकोस," त्या म्हणाल्या. "माझ्या बहिणीपुढे तर मुळीच नको. ती सगळ्यांत वाईट आहे."

आजोबा खो खो हसले आणि चहा मागवला. मग त्यांनी काकूंना छापखान्यातल्या गोष्टी सांगायला सुरुवात केली. त्या गोष्टी लवकर संपत नाहीत हे मला ठाऊक होतं. मी समरला डोळ्यांनी खूण केली आणि आम्ही बाहेर फुटपाथवर आलो. पाऊस नुकताच थांबला होता. रस्ता ओला होता, आणि आम्ही दोघं उगाचच एकमेकांपासून हातभर अंतर ठेवून उभे होतो.

"आजोबांना विचारू का मग?" त्यानं हळूच विचारलं.

"काय?"

"म्हणजे… तुझ्याबद्दल. लग्नाबद्दल."

"लग्न आजोबांशी करणार आहेस? मला विचार. आणि एक लक्षात ठेव, समर. तू माझ्यावर उपकार करत नाहीयेस, आणि मी तुझ्यावर नाही. मला तू हवा आहेस, म्हणून मी इथं उभी आहे. नाव मी बदलणार नाही. पुढं मुलं झाली तर त्यांना पहिल्यांदा हेच शिकवणार, की आपलं नाव पूर्ण सांगायचं."

त्यानं चष्मा काढला, शर्टाला पुसला, पुन्हा घातला. आणि मग त्या ओल्या रस्त्यावर, आसपासच्या सगळ्या घरांना ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणाला,

"सुप्रभा ओव्हाळ, माझ्याशी लग्न करशील?"

समोरच्या घरातल्या बाईंनी पडदा सरकवला. आमच्या खिडकीतून आजोबा आणि काकू, दोघंही, वाकून बघत होते.

मी मान वर केली आणि त्याच्याहून मोठ्यानं म्हणाले, "हो."