सीट घाण करणार न्हाय

मोबाईल खाली ठेवा रे पोरांनो, मग सांगतो. खोटं वाटलं तर माझ्या साडूला इचारा, उदयसिंहला. त्याच्यासंगंच घडलंय.

'रांगडं वारं' हा आपल्या कोल्हापूरचा रॉक बँड तुम्हाला ठावं हायच. गिटारीच्या जोडीला हलगी. त्यांचं अधिकृत चरित्र माझ्या साडूनं लिवलं. अधिकृत म्हंजे काय, तर म्होरक्या अमरसिंह म्हणंल तेवढंच छापायचं. थू!

त्यांचा हलगीवाला केरबा दौऱ्यात मेला. कसा, ते गाडीच्या ड्रायव्हरनं केरबाच्या आईला सांगितलं, आन् त्या धोंडुबाईनं साडूला. कार्यक्रमाला जाताना केरबाला रक्ताची उलटी झाली. गाडी नवीकोरी. त्यो हात जोडत हुता, "सीट घाण करणार न्हाय, पर मला उतरवू नगा." अमरसिंहनं हातकणंगले फाट्यावर उतरवलंच की! आन् गेलं गाणी म्हणायला. सकाळी रस्त्याकडंला पोरगं गार पडलेलं.

म्हातारी साडूला म्हणाली, "बाबा, एवढं खरं लिव. लोक म्हणत्यात, दारू पिऊन मेला."

साडूनं तिच्या हातची भाकरी खाल्ली, डोळं पुसलं, आन् छापलं काय? 'केरबानं स्वखुशीनं बँड सोडला.' साडू असला म्हणून काय झालं, किळस येती मला त्याची.

गेल्या पौषातली अवसेची रात. छापखान्यातनं पुस्तकांचं गठ्ठं घेऊन साडू गाडीतनं एकटाच निघालेला. फाट्यावर कुणीतरी हात केला. थंडीत अडकलंय बिचारं, म्हणून थांबला. माणूस मागं गठ्ठ्यांशेजारी बसला.

"कुठं जायचं, पावणं?"

जरा म्होरं गेल्यावर मागनं आवाज आला.

"सीट... घाण करणार न्हाय..."

साडूला मागं बघवंना. मग मागनं उलटीची उबळ. परत उबळ. आंबूस, रक्ताचा वास. साडूनं नाक दाबलं...

मग काहीच न्हाय.

घरी येऊन मागचं दार उघडलं. कुणी न्हाय. सीट कोरी. एक थेंब न्हाय.

गठ्ठं प्लास्टिकात पॅक, तसंच. साडूनं एक फोडला. 'स्वखुशीनं' लिवलेल्या पानावर... लाल, चिकट घाण. दुसरं पुस्तक. तेच पान. तिसरं. तेच.

साडूनं सगळी जाळली. एक तेवढं मी धोंडुबाईला नेऊन दिलं. तिला किळस येत न्हाय. रोज रातच्याला पदरानं पान पुसती, कोरडं करती.

सकाळी पान ओलं असतंय.